भाकरीत गेलेली अक्षरं

पणतीच्या शाळेनं पिठाची अक्षरं करून आणायला सांगितली, म्हणून काल नातसुनेनं ज्वारीचं पीठ गरम पाण्यात भिजवलं. तो ओलसर, गोडूस वास आला आणि मी कंधारच्या आमच्या चुलीपुढं जाऊन बसले.

निजामाचं राज्य होतं, शाळा उर्दूतून. आईचं माहेर बार्शीचं, इंग्रजांच्या हद्दीतलं. तिथं ती मराठी तिसरी शिकलेली. भाकरीच्या पिठाच्या वळ्या करून ती परातीत मला अक्षरं करायला शिकवायची. त्या दिवशी माझा 'अ' पहिल्यांदा नीट जमला. आईनं कौतुकानं त्याच्यावर तीळ टोचले.

तेवढ्यात अण्णा आले. माझे वडील, निजामाच्या कचेरीत कारकून.

"हे काय करायलीस? साहेब घरी यायलेत. त्यांनी पाहिलं तर नोकरी जाईल माझी. मोड ते!"

आईनं अक्षरांचा गोळा केला आणि भाकरी थापली. तीळ तिच्यात तसेच दिसत होते. मी ती बाजूला सारली. अण्णांनी खाल्ली, वर ठेचा मागून घेतला.

निजाम गेला. पुढं गावानं अण्णांचा सत्कार केला. गळ्यात हार घालून ते ओसरीवर लोकांना सांगत होते, "त्या काळातबी घरात मराठी जपली मी. लेकीला परातीत अक्षरं शिकवली."

मी आत धावले. "आई, सांग की त्यांना खरं काय ते!"

आईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"त्यांच्याच पोटात गेली न्हवं ती अक्षरं? आता त्यांचीच म्हणायची."