जीजींचं संगीत भांडण

जीजींची आणि माझी ओळख झाली ती मी दुधवाल्याशी भांडत असताना. मनावर गावाहून धारच्या त्या गल्लीत राहायला येऊन मला चारच दिवस झाले होते. दुधात पाणी की पाण्यात दूध, हा वाद ऐन रंगात आला होता. तेवढ्यात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई स्कूटीवरून उतरली. तिनं हेल्मेट काढलं, मान तिरकी करून आमचं दोघांचं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही काळी तीनमध्ये चिडता, हा पांढरी पाचमध्ये. मिटणार कसं?" पेटीच्या पट्ट्यांची ही नावं मला ठाऊक नव्हती. दुधवाल्याला होती. तो ओशाळून म्हणाला, "जीजी, आज गला बैठा हे." आणि भांडण तिथंच संपलं.

जीजी मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गाण्याच्या बाई. मराठी जुन्या वळणाचं, पण त्यात हिंदी आणि मालवी सढळ हातानं मिसळलेलं. गल्लीतला प्रत्येक माणूस कुठल्या पट्टीत बोलतो, कुठल्या पट्टीत रडतो आणि उधार मागताना कुठल्या पट्टीत जातो, हे त्यांना पाठ होतं. "बेसूर असा माणूसच नसतो," त्या म्हणायच्या, "चुकीच्या पट्टीत जन्मलेला असतो बिचारा." मी एकदा त्यांना गाऊन दाखवलं. त्यांनी पेटीच्या सगळ्या पट्ट्या एकेक करून दाबून पाहिल्या आणि म्हणाल्या, "तुमची पट्टी अजून बनायची आहे."

अशा या जीजी स्वतः मात्र गात नव्हत्या. चार वर्षं त्यांनी तोंडातून सूर काढला नव्हता. शिकवायच्या त्या पेटीवर. कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं, पण बोलायचं कुणी नाही. त्यांच्या भिंतीला भिंत लागून रामेश्वर भियाचं घर. पुढे शेव-नमकीनचं दुकान, मागे बिऱ्हाड. भियाची बई, म्हणजे आई, फार आजारी होती. तेव्हा एका पहाटे भिया ओट्यावर येऊन म्हणाला होता, "जीजी, गाणो बंद राखो. बई के नींद नी आवे." जीजींनी त्याच क्षणी तंबोऱ्यावर खोळ चढवली. आठवड्याभरात बई गेली. जीजींना वाटलं, आपण मरणाऱ्या बाईची झोप मोडली. भियाला काय वाटलं ते त्यानं कधी सांगितलं नाही. दोघांचं बोलणं संपलं आणि रियाजही संपला. जीजींचं गाणं ऐकायला आपण उशिरा आलो, याची मला फार चुटपुट लागायची.

एका दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी गल्लीत इतका उच्छाद मांडला, की जीजींनी सगळ्यांना ओट्यावर बसवलं आणि जाहीर केलं, "आपण संगीत नाटक करायचं. पोरं, म्हातारे, सगळे. एकही वाक्य बोलायचं नाही, सगळं गायचं." गोष्ट कुठली, असं कुणी तरी विचारलं. "गोष्ट कशाला हवी? गल्लीत भांडणं काय कमी आहेत?" नियम एकच होता. ज्याचं भांडण, त्यानं समोरच्याची बाजू गायची. आपली बाजू काय, झोपेतही पाठ असते.

मग काय विचारता. कूलरचं पाणी शेजारच्या वाळवणावर सोडणारे वकीलसाहेब पापड भिजलेल्या बाईंची बाजू गायला लागले, आणि गाता गाता स्वतःवरच इतके तापले की त्यांना पाणी द्यावं लागलं. ज्यांची काच फुटली होती त्या आजोबांनी क्रिकेटवाल्या पोरांची बाजू अशी लावून धरली, की नंतर तेच संध्याकाळी बॉलिंग टाकायला यायला लागले. मला, माझ्या गुणांकडे पाहून, प्रेशर कुकरची भूमिका मिळाली. प्रत्येक भांडण संपलं की तीन शिट्ट्या. माझी बायको म्हणाली, "चला, घरच्या अनुभवाचं चीज झालं."

पोरांना मराठी वाचायला लावलं की ती एकेका अक्षराला ठेचकाळायची. म्हणून जीजींनी कागद बाजूला ठेवला आणि सगळं तोंडी शिकवलं. एका सद्गृहस्थांनी येऊन विचारलं, "हे सगळं शुद्ध मराठीत का नाही?" जीजी म्हणाल्या, "भांडण ज्या भाषेत झालं त्याच भाषेत गायचं. भाषांतर केलं की त्याचा दम जातो." जाताना ते गृहस्थ स्वतःच्या जावयाशी झालेलं एक भांडण लिहून देऊन गेले.

सगळं मजेत चाललं होतं. तेवढ्यात भियाची दहा वर्षांची नात मुनिया तालमीत उभी राहिली आणि म्हणाली, "जीजी, आपका और दादाजी का वाला कब करेंगे?"

पेटीचा भाता मिटला. सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघायला लागले. नियम जीजींचाच होता. त्या नियमानं गाणं बंद करायला सांगणारा भिया व्हायचं होतं जीजींनी, आणि ते सांगायचं होतं गाऊन. जीजी उठून आत गेल्या. आता नाटक बारगळलं, असं मी धरून चाललो. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या आणि मुनियाला म्हणाल्या, "तुझ्या दादाजींना विचार. त्यांना माझं काम करावं लागेल म्हणावं."

भिया हो म्हणाला. पण एकत्र तालीम करायला दोघंही तयार होईनात. जीजी काही गाऊन बघत नव्हत्या. भिया दुकानात शेव पाडता पाडता 'सा' लावायचा, आणि गिऱ्हाईक पाव किलोऐवजी शंभर ग्रॅम घेऊन पळ काढायचं. मुनियानं प्रसंग साधा बांधला होता. भियानं, म्हणजे जीजींनी, तीनदा गायचं, "गाणो बंद राखो, बई के नींद नी आवे." मग जीजींनी, म्हणजे भियानं, म्हणायचं, "बरं, बंद केलं." आणि गप्प व्हायचं. मग माझ्या शिट्ट्या.

प्रयोग चौकात, दोन लाकडी तखत जोडून झाला. शेवटच्या प्रसंगाला भिया तंबोरा घेऊन बसला आणि त्यानं 'सा' लावला. तो पेटीच्या कुठल्याच पट्टीत सापडत नव्हता. लोक पोट धरून हसत होते. मग भियाची टोपी घालून, खांद्यावर गमछा टाकून जीजी आल्या. पहिल्या ओळीला त्यांचा आवाज चिरकला. दुसऱ्या वेळी तो मोकळा झाला, आणि हसणं जागच्या जागी थांबलं. मी त्यांचं गाणं पहिल्यांदाच ऐकत होतो. अंगावर काटा आला, पुठ्ठ्याच्या कुकरच्या आतसुद्धा.

तिसऱ्यांदा ओळ झाली. भियानं 'बरं, बंद केलं' म्हणून गप्प व्हायचं होतं. तो होईना. "दादाजी, अब बंद करना हे," मुनिया आतून सगळ्यांना ऐकू जाईल असं कुजबुजली. भियानं मान हलवली आणि 'सा' आणखी रेटला. जीजींनी चौथ्यांदा ओळ घेतली, तान घेऊन. पाचव्यांदा आणखी मोठी. एक बाई जीव तोडून गाणं बंद करा म्हणून गात होती, आणि एक माणूस ते बंद करायला तयार नव्हता. मी गोंधळून शिट्ट्या दिल्या. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

शेवटी भियाचा दम संपला. त्यानं तंबोरा खाली ठेवला आणि साध्या बोलण्यात म्हणाला, "यो डायलॉग म्हारे से नी होयगो, जीजी. उणी टेम भी म्हारे 'बंद राखो' नी बोलणो थो."

जीजी त्याच्या शेजारी बसल्या. "नका म्हणू मग," एवढंच म्हणाल्या. कुकरच्या आत मी ढसाढसा रडत होतो. बाहेर टाळ्या चालल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता जीजींच्या घरातून तंबोरा आणि गाणं ऐकू आलं. पुढची दोन वर्षं आमच्या गल्लीत कुणाला गजर लावावा लागला नाही. मग जीजींच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि भाची त्यांना देवासला घेऊन गेली. निरोप द्यायला अख्खी गल्ली आली होती. भिया तेवढा दुकानात पाठमोरा बसून राहिला. पहाट फार मोठी वाटायला लागली. नव्या जागी, नव्या शेजाऱ्यांत त्या गात असतील की नाही, हे विचारायचा धीर मलाही होईना आणि भियालाही.

परवा एक फोन आला. "मी देवासहून बोलतोय. आमच्या शेजारी एक बाई राहायला आल्या आहेत, पहाटे पाचला गातात. मी तक्रार करायला गेलो, तर म्हणाल्या, संध्याकाळी सातला या, माझी बाजू तुम्हाला गावी लागेल. खरं वाटत नसेल तर धारला विचारा, म्हणून तुमचा नंबर दिला. हे खरं आहे का हो?"

"अगदी खरं आहे," मी म्हटलं. "पण तुम्ही तक्रार केल्यावर त्यांनी गाणं थांबवलं का?"

"छे हो. आजही पाचलाच सुरू."

मी फोन ठेवला आणि चपला न घालताच भियाला सांगायला पळत सुटलो.