नीट घाबरणाऱ्या सेन्सेई

आमच्या शाळेतल्या सेन्सेईंइतकं घाबरट माणूस मी पाहिलं नाही, आणि त्यांना त्याची काडीचीही लाज नव्हती. गाडी लावायची ती नेहमी रिव्हर्समध्ये, नाक रस्त्याकडे. वर्गात शिरल्यावर आधी मागचं दार उघडतंय का ते बघायचं. पर्समध्ये बिस्किटं, टॉर्च आणि शिट्टी. मी स्प्रिंगफील्ड लेक्सच्या त्या प्राथमिक शाळेत टीचर एड, म्हणजे वर्गातली मदतनीस म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मलाही एक पिवळी शिट्टी दिली. मी कोथरूडची, चपला घालून सिंहगड चढणाऱ्यांतली. शिट्टी ड्रॉवरमध्ये टाकली आणि घरी येऊन नवऱ्यासमोर त्यांची यथेच्छ नक्कल केली.

सेन्सेई म्हणजे जपानीत बाई किंवा गुरुजी. त्या साठीच्या, अंगाने एवढ्याशा, मुलांना जपानी भाषा शिकवायला वीस-बावीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं पुणेरी, तरी आमचं छान जमायचं. त्यांचं गाव एका धुमसणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी. लहानपणी पिवळं हेल्मेट घालून शाळेत जायच्या म्हणे, कारण वरून कधी राख येईल, कधी खडे, याचा नेम नसायचा. मी म्हटलं, "मग तिथे राहायचं कशाला?" त्या म्हणाल्या, "आमचा डोंगर आहे तो. घरातलं माणूस तापट असलं तर घर सोडतेस का तू?" मला माझे सासरे आठवले.

दर वर्षी चौथीच्या मुलांना त्या डोंगर शिकवायच्या. पहिल्या तासाला स्वतःच्या डोंगराची जुनी छापील चित्रं दाखवायच्या आणि मग ती सरळ गुंडाळून ठेवायच्या. "हा माझा. तुमचा तो," म्हणून खिडकीतून शाळेमागच्या डोंगररांगेतल्या सगळ्यात उंच सुळक्याकडे बोट. इथल्या मूळ लोकांनी त्याला दिलेलं नाव आधी दहा वेळा म्हणवून घ्यायच्या. रोज सकाळी मुलांनी त्याच्याकडे मिनिटभर बघायचं, आज तो कसा दिसतोय ते सांगायचं, मगच हजेरी. वर्षभर मुलं त्या एकाच डोंगराची चित्रं छापायची, जपानी पद्धतीने. लाकडी ठसा कोरायचा, ओल्या ब्रशने त्यावर रंग फिरवायचा, वर कागद ठेवून गोल चकतीने घासायचं.

त्यातली खरी कसोटी आकाशाची. ब्रशच्या एका कडेला निळा रंग, दुसऱ्या कडेला नुसतं पाणी, आणि एका दमात आडवा हात. आकाश वर गडद आणि डोंगरापाशी येता येता विरलेलं. मुलांना ते पटकन यायचं नाही. मला मात्र आलं, आणि आल्याबरोबर मी मुलांच्या चुका काढायला लागले. सेन्सेई म्हणायच्या, "तू फार कागदाकडे बघतेस. डोंगराकडे बघ." मी मान डोलवायचे आणि पुन्हा कागदाकडे बघायचे.

मुलांनी एकदा त्यांना विचारलं, मोठी माणसं तर म्हणतात घाबरू नका, मग तुम्ही घाबरा असं का सांगता? त्यांनी फळ्यावर डोंगर काढला आणि म्हणाल्या, "ज्याच्यावर प्रेम करायचं, त्याला घाबरायचंसुद्धा. पण नीट घाबरायचं. डोळे उघडे ठेवून, तोंड बंद ठेवून." माझी मुलगी सई त्याच वर्गात होती. घरी येऊन तिने ते वाक्य फ्रिजवर लिहून लावलं. मला ते मुळीच आवडलं नव्हतं. पोरीला भित्री करून ठेवणार ही बाई, असं मी नवऱ्याला म्हटल्याचं मला आजही आठवतं.

सप्टेंबरात, इथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, डोंगराजवळच्या पिकनिक ग्राउंडवर मुलांना घेऊन गेलो, समोर बसून चित्र छापायला. तेवीस मुलं, सेन्सेई, मी आणि बसवाला. सेन्सेईंनी बससुद्धा उलटी लावून घेतली. बसवाला हसत "नो वरीज" म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्याने डोळे मिचकावले. मीही हसले. प्रत्येक मुलाच्या गळ्यात पिवळी शिट्टी होती. माझी ड्रॉवरमध्ये.

वारा कोरडा होता, गवत पार वाळलेलं. मी मुलांमधून फिरत होते. सईने पहिलं चित्र दोरीवर वाळत घातलं होतं आणि त्यात आकाश साफ उलटं होतं. वर फिकट, खाली डोंगरामागे गडद, तेही मातकट तपकिरी. म्हटलं, माझ्याच मुलीने असं करावं? "उलटं झालंय. ठसा पूस, पुन्हा कर."

"बट दॅट्स हाऊ इट लुक्स टुडे, आई."

"वाद घालू नकोस. जा, ब्रश धुऊन आण." फडकं घेऊन तिच्या ठशावरचा तो तपकिरी रंग मी स्वतःच्या हाताने पुसला. डोंगराकडे मान वळवूनही बघितलं नाही. सई ब्रश घेऊन गेली.

पाचेक मिनिटांनी सेन्सेई दोरीपाशी आल्या. सईच्या चित्रापुढे थांबल्या. "हे कोणाचं?"

"सईचं. चुकलंय, पुन्हा करायला सांगितलंय."

त्यांनी चित्राकडे बघितलं, मग डोंगराकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. मी वळले तर कड्याच्या मागून वणव्याच्या धुराचा तपकिरी पट्टा वर चढला होता, आणि वारा आमच्याच दिशेने होता.

त्यांनी शिट्टी वाजवली. मुलांनी शिट्ट्या वाजवून उत्तर दिलं आणि सगळं तिथेच टाकून बसकडे गेली, न धावता, वर्षभर शिकवल्यासारखी. मी दारात उभी राहून मोजत होते. बावीस. पुन्हा मोजली. बावीस. सई नव्हती.

जवळचा नळ कोरडा होता. ती खालच्या झाडीतल्या नळाकडे गेली असणार. मीच पाठवली होती. तोवर धूर मैदानावर उतरला होता, जळक्या निलगिरीचा वास घशात बसत होता आणि झाडी दिसेनाशी झाली होती. मी किंचाळायला लागले. सेन्सेईंनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की नखं रुतली. "ओरडू नकोस. ऐक."

बसमधली मुलं श्वास रोखून बसली. बसवाल्याने इंजिन बंद केलं. मला नुसता वारा ऐकू येत होता आणि माझं काळीज. मग खालून, उजवीकडून, बारीकशी शिट्टी. पुन्हा एकदा.

मी धावणार तोच त्यांनी मला मागे ढकललं. "तू मुलं मोज," म्हणाल्या, आणि ती एवढीशी बाई, लिफ्टमध्ये चढायला घाबरणारी, स्वतःची शिट्टी वाजवत धुरात शिरली. मी मोजत राहिले. बावीस. बावीस. दोन शिट्ट्या एकमेकींना उत्तर देत होत्या, आणि मध्येच दोन्ही थांबल्या. त्या वेळी मला काय वाटलं ते मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मग धुरातून आधी त्यांची टोपी दिसली, आणि त्यांच्या हाताला धरलेली सई. तिच्या मुठीत धुतलेला ब्रश होता.

बस सरळ निघाली, वळवायला एक क्षणही लागला नाही. अर्धा डोंगर जळाला त्या आठवड्यात. माणसं सगळी वाचली. बसमध्ये सेन्सेईंना पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडेना, शेवटी मीच ती त्यांच्या तोंडाला लावली. "फार घाबरले मी," त्या म्हणाल्या. मी त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सईची माग." मी मागितली. सई म्हणाली, "इट्स ओके," आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली.

वर्ष संपल्यावर त्या जपानला परत गेल्या, त्याच धुमसणाऱ्या डोंगराखाली. तिथे त्यांची मोठी बहीण एकटी असते. विमानतळावर मी म्हटलं, "तुम्हाला भीती नाही का वाटत?"

"वाटते ना. पण तिला एकटीला घाबरावं लागतं."

आता सकाळी मुलांना डोंगर मी दाखवते. काळ्या खोडांना हिरवी पालवी फुटली आहे. शिट्टी माझ्या गळ्यात असते आणि गाडी मी उलटी लावते. सई म्हणते, "आई, सो एम्बॅरसिंग," पण गाडीत बसताना तीच आधी डोंगराकडे वळून बघते. सेन्सेई रोज सकाळी आठला त्यांच्या डोंगराचा फोटो पाठवतात, आम्ही आमच्याचा. दोन वर्षांत एक दिवस चुकलेला नाही.

कालचा त्यांचा फोटो मी पुन्हा उघडून बघितला. आकाश वर फिकट आहे, खाली गडद. आज अकरा वाजून गेलेत. आमचा फोटो गेलाय, त्यांचा आलेला नाही. मीही आज कामावर गेलेले नाही. सई शाळा बुडवून माझ्याशेजारी बसली आहे आणि मी तिला जा म्हटलेलं नाही. दोनदा फोन लावला, लागत नाही. तिसऱ्यांदा लावायला गेले तर सईने माझं मनगट धरलं. फोनचा आवाज मोठा करून आम्ही तो मध्ये ठेवलाय, आणि दोघी ऐकतोय.