लाइनमन देवराव फिट आहे

"बाई, मले धरा! टेबल पलटून राहिला!"

देवराव माझ्या तपासणीच्या टेबलाची कड दोन्ही हातांनी आवळून ओरडत होते. टेबल जागच्या जागी होतं. त्यांची बुबुळं मात्र झरझर फिरत होती, आणि मी खूश झाले होते. मला नेमकं तेच पाहायचं होतं. अर्ध्या मिनिटात सगळं थांबलं.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. शहरातल्या लकडगंज भागात माझा कान-नाक-घशाचा दवाखाना होता. देवराव खाप्याचे, जवळच्याच एका गावच्या वीज ऑफिसात लाइनमन. एकदा खांबावर त्यांचा तोल गेला. कंबरेचा पट्टा होता म्हणून वाचले. त्यांच्या इंजिनिअरनी लगेच चिठ्ठी लिहिली, "कर्मचाऱ्यास फिट येते. खांबावर चढवावे किंवा कसे, ते कळवावे." फिट, म्हणजे मिरगी, ठरली असती तर खांब कायमचा बंद आणि उरलेली नोकरी स्टोअरमध्ये.

"वीस वर्षं खांबावर काढले, बाई. आता स्टोअरात नट-बोल्ट मोजू काय?" त्यांचे डोळे भरून आले होते.

"बेशुद्ध झाला होतात?"

"बिलकुल नाही. वरतं पाह्यलं का दुनिया घुमते, बस."

"न् उजव्या कुशीवर वळले का खाट धरून ठेवतात," त्यांची बायको म्हणाली. "म्या म्हनलं, खाट पळून राहिली काय?"

तिथेच मला अर्धा रोग कळला. म्हणून त्यांना टेबलावर झटकन आडवं केलं, डोकं उजवीकडे वळवून कडेखाली सोडलं, आणि वर सांगितलेला आरडाओरडा झाला.

आपल्या आतल्या कानात पाण्याने भरलेल्या तीन बारीक नळ्या असतात. डोकं हललं की ते पाणी हलतं आणि मेंदूला तोलाची खबर जाते. जवळच चुन्याचे अगदी बारीक कण असतात. ते सुटून नळीत शिरले तर डोकं थांबल्यावरही खबर जातच राहते. त्यालाच माणूस चक्कर म्हणतो. ही मिरगी नव्हे.

औषध नव्हतं, व्यायाम होता. खाटेवर बसायचं, एका कुशीवर धपकन पडायचं, चक्कर थांबेपर्यंत थांबायचं, उठायचं, मग दुसरी कूस. दिवसातून तीनदा.

"असं पडून पडून बरा होईन?"

"व्हाल. पण खांबावर नाही, खाटेवरच पडा."

तीन आठवड्यांनी पुन्हा तपासलं. बुबुळं स्थिर. मी सर्टिफिकेट लिहायला घेतलं. सरकारी कागद मराठीतच हवेत असा तेव्हा फार आग्रह होता, आणि मला माझ्या मराठीचा जरा गर्वच होता. ठसठशीत अक्षरात लिहिलं, "लाइनमन देवराव यांना तपासले. फिट आहे."

आठवड्याने देवराव पुन्हा दारात. तोंड उतरलेलं.

"बाई, तुम्ही तर म्हनलं होतं फिट नाही. मंग कागदावर फिट आहे काहून लिहून देल्लं? मले स्टोअरात बसवलं!"

मी कपाळाला हात लावला. इंजिनिअरांना फोन लावला.

"साहेब, देवराव फिट आहेत."

"तेच तर तुम्ही लिहिलंय. म्हणून स्टोअरला पाठवलं."

"अहो, फिट आहेत, पण फिट येत नाही!"

त्यांनी माझं सर्टिफिकेट पुन्हा एकदा मोठ्याने वाचलं. मग ते म्हणाले, "मॅडम, दोन्हीतलं एक काहीतरी लिहून द्या."

देवराव समोर बसलेच होते. मी नवा कागद घेतला आणि लिहिलं, "यांना मिरगी नाही. चक्कर बरी झाली आहे. खांबावर चढू द्या."

सोमवारी ते खांबावर चढले. तिथून वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि उगाच थोडं जास्त वेळ वर थांबले, असं त्यांच्या बायकोने मला सांगितलं.

कानाचं निदान करायला कॉलेजात मला बरंच शिकवलं. सर्टिफिकेट वाचणारा माणूस डॉक्टर नसतो, एवढं मात्र कोणी सांगितलं नव्हतं.