माझ्या नावाची बांधी

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, तेव्हा गोंदियाच्या शाळेत गुरुजींनी आयर्लंडची गोष्ट सांगितली. तिथल्या तीन राण्यांनी बाहेरून आलेल्यांकडून म्हणे वचन घेतलं, की या भूमीला आमचं नाव द्या. एरू, बान्बा, फोला. पुढे इंग्रजांचं राज्य आलं, तरी तिथले कवी देशाला याच बायांच्या नावांनी हाका मारत राहिले.

वर्गाला नवल वाटलं, मला नाही. आमच्या घरी मुलगी झाली की धानाच्या एका बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्याला, तिचं नाव देत. माझ्या नावाची बांधी तलावाला लागून होती. रोवणीला आलेल्या बाया चिखलात वाकून त्या नावावर गाणी जोडायच्या.

काही वर्षांनी माझं लग्न झालं. मांडवात आमच्याच घरचे तांदूळ ताटात पसरले आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात माझं नवं नाव लिहिलं. मला कोणी विचारलंच नव्हतं. मी तळहातानं ते पुसून टाकलं.

"काऊन पुसलं वो?" सासू कडाडल्या.

"हे तांदूळ माह्या बांधीचे हायेत, आत्याबाई. आधी तिचं नाव बदलून या, मंग माहं बदला."

त्या राण्यांना भूमीला आपलं नाव द्या, असं मागावं लागलं. माझं मी घरून घेऊन आले होते.

अंगठी नवऱ्याच्या हातातच राहिली. मी बोटानं माझं नाव लिहिलं, ताटभर.