कार्ड पुसायच्या आधी

भुताखेतांचा विषय निघाला की मी चहा संपवून उठतो. पोटापाण्यासाठी सी या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहितो; चूक झाली तर ती कुठल्या ना कुठल्या ओळीत सापडतेच, हा माझा अनुभव. तरीही हे लिहितोय...

आम्ही आसनगावला राहतो. बाबा गेले, त्याआधीच्या थंडीत मुरबाडला चुलतभावाकडे बारशाला त्यांनी भीमगीतं म्हटली होती. आई तापाने घरीच होती. भाऊ हळदी-लग्नांचं शूटिंग करतो. त्या दिवसाचं कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड त्याला परवा कपाटात सापडलं. बाबांचा आवाज असलेलं आमच्याकडे दुसरं काहीच नाही!

"उतरवून घे नि रिकामं करून दे," भाऊ म्हणाला. "उद्या हळद हाय, दुसरं कार्ड नाय माझ्याकडं."

त्याच्यासाठी प्रोग्रामही मीच केलेला – फाइल कॉपी करायची, साइज जुळली की कार्ड पुसायचं. सकाळी लावला. स्क्रीनवर आलं, साइज बरोबर, कार्ड पुसू का? मी 'हो' दाबणार, तेवढ्यात आई ओट्यापासून ओरडली,

"बंद कशाला केलंस रे? ते मला कायतरी इचारत होते ना!"

"कोण?"

"कोण काय? तुझे बाबा. गाणं मधीच थांबवून."

मी काही लावलंच नव्हतं. स्पीकर बंद. आणि कार्डाबद्दल आईला सांगितलंही नव्हतं – रडेल म्हणून.

कॉपी उघडली. बाबा गाता गाता थांबले, कॅमेऱ्याकडे वळले, तोंड उघडलं... आणि फाइल संपली. मी प्रोग्राम उघडून ओळ न ओळ तपासली.

चूक सापडली, तीही अगदी बावळट. फाइलची साइज मी साध्या इंटमध्ये, म्हणजे बत्तीस बिटांच्या खणात ठेवली होती. दोन जीबीच्या पुढचा आकडा त्यात मावत नाही, वरचा भाग गुपचूप कापला जातो. पाच जीबीची फाइल प्रोग्रामला एक जीबीची वाटली. त्याने तेवढीच उतरवली आणि त्याच कापलेल्या आकड्याशी ताडून 'बरोबर' म्हणाला. 'हो' दाबलं असतं तर बाकीचे बाबा गेलेच होते.

साइज चौसष्ट बिटांत घेतली, पुन्हा कॉपी केली. मग आईला बोलावलं.

बाबा कॅमेऱ्याकडे वळून म्हणाले, "ताप उतरला का गो तुझा?"

"उतरला कवाच," आई म्हणाली आणि पदराला हात पुसत खाली बसली.

तिला आधी ऐकू कसं आलं, हे मला अजून कळलेलं नाही. तेव्हाच विचारलं होतं मी. तिने स्क्रीनवरची नजरही हलवली नाही.

"गप रे. ऐकू दे."