यंदा सिस्टरांना काय न्यायचं?

आमच्या गल्लीत चार माणसं जमली आणि कुणी नुसतं "यंदा सिस्टरांना काय न्यायचं?" असं विचारलं, की तासभर गेलाच म्हणून समजा! एक किस्सा सांगायला घ्यावा तर दुसरा त्याच्या पदराला धरून येतो. मी शाळेत शिकवते. तिथे स्टाफरूममध्ये हे सगळं इतक्या वेळा सांगून झालंय, की हल्ली डबे उघडायच्या आधीच फर्माईश होते, "मॅडम, तो करंज्यांचा सांगा!"

सिस्टर म्हणजे आमच्या शेजारच्या एस्तेरबाई. इंदापूरला सरकारी दवाखान्यात आयुष्यभर नर्स होत्या. रिटायर झाल्यावर बारामतीत आमच्या गल्लीत छोटं घर घेतलं. लग्न केलं नाही, एकट्याच राहतात. पंच्याहत्तरी उलटली, पण चाल अशी की बाई वॉर्डात राउंडलाच निघाल्यात!

गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकटंच. पण दिवाळीला त्या घरोघरी काहीतरी घेऊन येतात, आणि अगदी नेमकं! कुणाची टाच दुखते हे ओळखून मऊ चपला, कुणाचा चष्मा सारखा हरवतो म्हणून चष्म्याला दोरी. मग नाताळाला आपणही तितकाच विचार करून काही द्यायला नको? झालं! इथूनच सगळा घोळ सुरू झाला.

*

पहिल्या वर्षी आम्ही कुणी कुणाला विचारलं नाही. नाताळ म्हणजे केक, एवढं प्रत्येकाला माहीत होतं. त्यामुळे प्रत्येकानं केकच नेला! सिस्टरांच्या टेबलावर जागा उरेना. त्यांनी सगळ्यांचे मनापासून आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावून बरेचसे केक दवाखान्यातल्या पेशंटांना वाटून आल्या.

एक केक मात्र त्या घेऊन आल्या समोरच्या तात्यांकडे. तात्यांची कन्हेरीला भाजीपाल्याची शेती. रोज सकाळी मोटारसायकलवरून रानात जातात, संध्याकाळी गल्लीत परत.

"तात्या, हॅपी बर्थडे! सांगितलं नाहीत ते?" सिस्टरांनी खोका पुढे केला. "तुमचा केक चुकून माझ्याकडे आला होता."

केकवर ठसठशीत क्रीमनं लिहिलेलं, 'तात्या'!

तात्यांच्या बायकोनं, शकुंतलाकाकूंनी, कपाळाला हात लावला. तात्या म्हणाले, "आता बेकरीवाल्यानं 'नाव काय?' म्हनून इचारलं. मी माझं सांगितलं. मला काय ठावं, त्यो केकचं नाव इचारतोय!"

*

पुढच्या वर्षी ठरलं, उपयोगाची वस्तू द्यायची. आमच्या वरच्या मजल्यावरचा महेश एका कंपनीत इंजिनीअर आहे. तो म्हणाला, "सिस्टर एकट्या असतात. रात्री-अपरात्री काही झालं तर? मी बघतो काय ते!"

आणि त्यानं खरंच भारी गोष्ट आणली. गळ्यात घालायचं एक बटण! दाबलं की आमच्या सगळ्यांच्या फोनवर एकदम सायरन. सगळ्यांनी ॲप टाकलं, टेस्टिंग झालं. महेशनं सिस्टरांना नीट समजावलं, "कुणीतरी ताबडतोब यायला हवं असं वाटलं, की दाबायचं. अजिबात संकोच करायचा नाही!"

सिस्टर म्हणाल्या, "समजलं."

आठवडाही गेला नसेल. रविवारची सकाळ, मी केसांना तेल लावत होते. फोन एकदम कोकलायला लागला! तशीच धावले. महेश अर्ध्या दाढीला साबण घेऊन जिन्यावरून उड्या मारत आला. तात्या अनवाणी. शकुंतलाकाकूंच्या हातात पाण्याचा तांब्या, का ते त्यांनाही माहीत नाही.

दार सताड उघडं! आत सिस्टर ताटात करंज्या मांडत होत्या.

"या, या! आत्ताच काढल्यात कढईतून."

महेशला धाप लागलेली. "सिस्टर... हे बटण... इमर्जन्सीसाठी आहे!"

"मग?" सिस्टर म्हणाल्या. "करंज्या गार झाल्यावर आला असतास, तर काय उपयोग होता?"

*

एका वर्षी तात्यांनी जाहीर केलं, "औंदा झाड मी आननार!"

नाताळाचं झाड कसं असतं, हे महेशनं त्यांना फोनवर दाखवलं. तात्यांनी फोटो जवळ धरून पाहिला, लांब धरून पाहिला. "ह्ये पलास्टिकचं? आन् ह्याला फळं बी पलास्टिकची? अशी फशिवनूक सनाच्या दिवशी करत्यात व्हय!"

चोवीस तारखेला दुपारी कन्हेरीहून टेम्पो आला. टेम्पोत लोखंडी ड्रम, ड्रममध्ये माती आणि मातीत उभा जिवंत शेवगा! शेंगांनी लगडलेला. गल्लीतले सगळे बाप्ये लागले तेव्हा कुठे तो सिस्टरांच्या अंगणात उतरला.

आम्हाला वाटलं, आता सिस्टर काय म्हणतात कोण जाणे! त्यांनी झाडाभोवती एक चक्कर मारली, आत गेल्या आणि लाइटच्या माळा घेऊन आल्या. शेंडा फार उंच, म्हणून चांदणी लावायला महेश स्टुलावर चढला. संध्याकाळी माळा लागल्या तेव्हा ते झाड असं दिसायला लागलं की रस्त्यानं जाणारे थांबून फोटो काढायला लागले!

चर्चमधली मंडळी भेटायला आली होती. त्यातल्या एकांनी हळूच विचारलं, "ही लांबलचक हिरवी सजावट कुठे मिळाली हो?"

तात्या लगेच पुढे. "तोडून घिऊन जावा की! आमटीला लई झ्याक लागतीय!"

*

शकुंतलाकाकूंची कल्पना सगळ्यात सुंदर होती. गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकेक जुनी साडी गोळा करायची आणि सिस्टरांसाठी गोधडी शिवायची. पांघरली की सगळी गल्ली अंगावर! ऐकूनच आम्ही बायका नाचायच्या बाकी होतो.

पण गोधडी मापात हवी. सिस्टरांचा पलंग जुना, लाकडी, भलताच लांब. माप आणायचं काम माझ्याकडे आलं. मी टेप पदराखाली लपवून गेले. सिस्टर चहा टाकायला आत गेल्या, तशी मी पलंगाकडे झेपावले. लांबी घेतली. रुंदी घ्यायला वाकले, तर मागे कपाचा आवाज!

सिस्टर दारात उभ्या. माझ्या हातात टेप.

मी ततपप करायला लागले. सिस्टरांनी कप शांतपणे टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "शवपेटीचं माप घेतेस होय गं? अजून अवकाश आहे! आणि घेणारच असलीस तर पलंगाचं नको, माझं घे. उगाच लाकूड वाया जाईल!"

आणि अशा हसल्या की मला खुर्चीवर बसावं लागलं.

गोधडी मिळाल्यावर मात्र त्यांनी ती मांडीवर पसरली. एकेका तुकड्यावर हात फिरवत "ही तुझी", "ही शकुंतलाची" असं ओळखत बसल्या. एकही साडी चुकली नाही!

*

मग एका वर्षी महेश म्हणाला, "वस्तू पुरे झाल्या. सिस्टरांना कुठेतरी फिरवून आणू!"

इतकी वर्षं इंदापुरात काढून सिस्टरांनी उजनीच्या पाण्यावर येणारे फ्लेमिंगो कधी पाहिले नव्हते. सुट्टी मिळाली की झोप, एवढंच त्यांना ठाऊक. मग काय, गाडी काढली! थंडीत, भल्या सकाळी, भिगवणच्या पुढे डाळजला चहा घेतला आणि पाण्याशी पोचलो.

तात्या होडीत बसायला तयार नाहीत. "मी हितनंच बघतो. मला पवायला येत न्हाय." सिस्टर मात्र लाइफ जॅकेट घालून सगळ्यात पुढे!

होडीवाल्यानं बजावलं होतं, "आवाज करायचा नाही." आम्ही श्वास धरून बसलेलो. होडी हळूहळू सरकत होती. लांब पाण्यावर एक पांढरट रेघ दिसत होती, ती जवळ जाता जाता पक्ष्यांची झाली. शेकडो! मान खाली घालून खाण्यात दंग. सिस्टरांनी माझा हात घट्ट पकडला होता.

आणि काठावरून तात्यांचा रानातला आवाज आला, "ओ सिस्टरऽऽ! दिसली का वं पाखरंऽऽ?"

एका क्षणात अख्खा थवा उठला! पांढऱ्या पक्ष्यांनी पंख उघडले आणि आतला गुलाबी रंग आभाळभर पसरला. आमच्या डोक्यावरून, एवढ्या जवळून, की पंखांचा वारा लागला! होडीवाला डोक्याला हात लावून बसला. "घालवले सगळे!"

सिस्टर लहान पोरीसारख्या टाळ्या पिटत होत्या. मग काठाकडे वळल्या आणि ओरडल्या, "तात्याऽऽ! अजून एकदाऽऽ!"

*

गेल्या वर्षी मात्र आमचे चेहरे उतरले होते. दिवाळीनंतर सिस्टर बाथरूममध्ये घसरल्या आणि पाय मोडला. प्लास्टर मांडीपर्यंत. पुण्याहून त्यांची भाची आली. स्वभावानं चांगली, पण ठाम. "मावशी, आता एकटीनं राहायचं नाही. नाताळ झाला की मी तुला पुण्याला नेणार."

सिस्टरांनी मान फिरवली. खिडकीतून शेवग्याकडे बघत राहिल्या. त्यांना गप्प बसलेलं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

त्या संध्याकाळी तात्यांच्या ओट्यावर सगळे जमलो. कुणालाच चहा जाईना. शेवटी शकुंतलाकाकू म्हणाल्या, "औंदा त्यास्नी त्येंचं घरच देऊ या की!"

बस्स! सगळे पेटले! बाथरूमच्या गुळगुळीत फरश्या उखडून खरबरीत बसवल्या. महेशनं जिथे हात जाईल तिथे स्टीलच्या दांड्या लावल्या. उंबऱ्याला उतार केला. सकाळचा डबा कुणाचा, संध्याकाळचा कुणाचा, सोबतीला झोपायला कोण, सगळं तोंडी ठरलं आणि सुरूही झालं.

भाची बाथरूममध्ये आली आणि एकेक तपासायला लागली. दांडी हातानं हलवून पाहिली. मग दोन्ही हातांनी ओढली. मग अंगाचा सगळा भार टाकून लोंबकळली! आम्ही दाराशी जीव मुठीत धरून उभे.

तात्या म्हणाले, "वडा, वडा ताई! म्हस बांधली तरी निघायची न्हाय!"

भाचीला हसू फुटलं. हसता हसता डोळेही पुसले. बाहेर येऊन म्हणाली, "मावशी, राहा बाई तू इथंच. मला पुण्यात एवढी माणसं कुठून आणता येणार?"

सिस्टर म्हणाल्या, "मग आता चहा टाक. सगळे मघापासून उभे आहेत."

*

पण खरी मजा त्याच नाताळाची!

प्लास्टरमुळे सिस्टरांना चर्चला जाता येणार नव्हतं. नाताळाच्या उपासनेत पहिलं गीत त्या म्हणायच्या, वर्षानुवर्षं. बाकी कशाची तक्रार नाही, पण एकदा म्हणाल्या, "गाण्याशिवाय नाताळ म्हणजे मीठ नसलेलं जेवण गं."

हे मी तात्यांना सांगितलं. तात्या कन्हेरीच्या भजनी मंडळात म्होरके. ते थेट चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेले आणि गाणं मागितलं. पाळकसाहेबांनी म्हणून दाखवलं. तात्या उडालेच! "आवो, ही तर आमचीच चाल हाय!"

मग कन्हेरीच्या देवळात रोज तालीम. शेतातून आलेली माणसं, पखवाज, टाळ, पेटी आणि मध्ये बसून शब्द सांगणारे पाळकसाहेब! उच्चार चुकला की सगळे परत पहिल्यापासून.

पंचवीस तारखेला संध्याकाळी अख्खं मंडळ सिस्टरांच्या अंगणात उतरलं. पांढरे सदरे, टोप्या, गळ्यात टाळ. सिस्टर खुर्चीत, पाय स्टुलावर, मांडीवर गोधडी. शेजारी भाची, मागे चर्चची मंडळी, फाटकाबाहेर सगळी गल्ली.

पखवाजावर थाप पडली आणि तात्यांनी बाळ येशूच्या जन्माचं गीत उचललं. काय आवाज लागला त्यांचा! दुसऱ्या कडव्याला सिस्टरांनी सूर मिळवला, तिसऱ्याला चर्चची मंडळी आली आणि शेवटी टाळांनी जो वेग घेतला, की भाचीसुद्धा टाळ्या वाजवत उभी राहिली! गाणं टिपेला पोचलं. तात्यांचे डोळे मिटलेले, हात आभाळाकडे. शेवटची थाप पडली आणि त्याच तंद्रीत, जन्माची सवय, तात्यांच्या तोंडून खणखणीत निघून गेलं,

"पुंडलिक वरदे हाऽऽरी विठ्ठल!"

टाळ थांबले. तात्यांनी डोळे उघडले आणि दोन्ही हातांनी तोंड धरलं. पाळकसाहेब सिस्टरांकडे बघायला लागले. सगळेच बघायला लागले.

सिस्टरांनी खुर्चीचे दोन्ही हात पकडले, पाठ ताठ केली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"आमेन!"