एका घराला एकदाच

चूक माझी होती, आणि ती मी भर बैठकीत, शहाणपणाच्या सुरात केली. समोर पद्माक्का होत्या. गेल्या महिन्यात त्या गेल्या. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मला आधी माझंच ते वाक्य आठवलं... त्यांचं हसणं नंतर.

आमच्या विद्यापीठात आरोग्य आणि समाजसेवेचा एक एकत्रित उपक्रम चालतो. नर्सिंग, फिजिओथेरपी, आहारशास्त्र आणि माझं समाजकार्य, या चार विभागांची मुलं वस्तीतल्या कुटुंबांना भेटतात. कागदावर समन्वयक मी. प्रत्यक्षात उपक्रम उभा केला पद्माक्कांनी. दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका, तेलुगू विणकर घरातल्या. आम्ही त्यांना कंत्राटावर घेतलं होतं. पहिल्याच दिवशी चारही विभागप्रमुख आपापले फॉर्म घेऊन आले, तेव्हा चहाचा कप खाली ठेवत अक्का म्हणाल्या, “नर्सिंगच्या पोरी बीपी बघणार, फिजिओची पोरं कंबर बघणार, सरांची पोरं रेशनकार्ड बघणार. मग त्या बाईकडं कोण बघणार हो?”

त्यांची पद्धत साधी होती. एक लांब, पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी, कडा त्यांनीच शिवलेल्या. कोण विचारणार हे मुलांनी घराबाहेरच ठरवायचं. आत सतरंजी अंथरून सगळ्यांनी एकत्र बसायचं. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. घरच्यांना शेजारून खुर्च्या मागून आणाव्या लागू नयेत, आणि एकच दुखणं दोनदा सांगावं लागू नये. श्रीपूरला ऊसतोडीच्या तळावर फिजिओची एक मुलगी बायकांना मानेचे व्यायाम शिकवू लागली, तर अक्का म्हणाल्या, “आधी ती मोळी डोक्यावर घे की. मग शिकव.” मुलगी उसाची मोळी घेऊन चार पावलं गेली आणि मटकन खाली बसली. “लई हुशार मास्तरीण हाय,” एक बाई म्हणाली, “बसायचा व्यायाम शिकिवती!” सगळ्यात मोठ्यानं अक्काच हसल्या. मग त्या मुलीला त्यांनी बायकांकडूनच ओझ्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ बांधायला शिकायला लावलं.

पुढे एक तपासणी समिती यायची ठरली. प्रत्येक विभागाला आपली हजेरी वेगळी हवी, आपले फोटो वेगळे. मी सोपा मार्ग काढला : प्रत्येक विभागाला वेगळा वार. यादीत पहिलं घर राजव्वाचं होतं. ती विड्या वळते. तिची तरुण मुलगी वर्षापूर्वीच वारली होती. बैठकीत अक्का म्हणाल्या, “सर, तिला ते चारदा सांगायला लावू नका.” मी घाईत होतो, प्रमुख मंडळी समोर होती. म्हणालो, “अक्का, तुम्ही सतरंजी सांभाळा. वेळापत्रक आम्ही बघतो.”

सगळे हसले. मीही.

चारही फॉर्मवर ‘घरातील मृत्यू व कारण’ असा रकाना होता. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी राजव्वानं सांगितलं. गुरुवारी माझी मुलं गेली, तेव्हा तिनं दार अर्धं लावून विचारलं, “कितीदा मारता माज्या लेकीला?” मुलं रडत परत आली. संध्याकाळी अक्का एकट्याच सतरंजी घेऊन तिच्याकडं जाऊन बसल्या, हे मला नंतर कळलं. मी गेलो नाही. समितीपुढं उपक्रमाचं कौतुक झालं, मी हार घालून घेतला. पुढं कंत्राट संपलं तेव्हा अक्कांनी धुतलेली सतरंजी माझ्या कपाटात ठेवली. “सांभाळा म्हणलात, सांभाळली. आता तुमी सांभाळा.” आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आजारपणात त्यांना भेटायला गेलो, तेव्हा उशीला टेकून त्या मलाच हसवत होत्या. “काल चौथा डॉक्टर आला, सर. त्यानंबी विचारलं, कुटं दुखतंय? म्हणलं, बाळा, फायलीत लिवलंय की. वाच.” मी हसू शकलो नाही. बैठकीतल्या त्या वाक्याबद्दल माफी मागू लागलो, तर त्यांनी हात हलवून थांबवलं. “माजी कशाला मागताय? माजं काय गेलं? राजव्वाकडं जावा.” जातो म्हणालो... गेलो नाही. परीक्षा होत्या, सुट्ट्या होत्या. पंधरा दिवसांत अक्का गेल्या.

तिसऱ्या दिवशी मी कपाटातली सतरंजी काढली आणि राजव्वाच्या दारात उभा राहिलो. ती सुपात पानं घेऊन विड्या वळत होती. सतरंजी तिनं लगेच ओळखली. “अक्कांची हाय न्हवं?” तिनं विचारलं. अक्का गेल्याचं सांगितलं. तिचे हात थांबले. बराच वेळ ती सतरंजीची कड बोटांनी चाचपत राहिली. मग डोळे पुसून म्हणाली, “आता काय विचारायचंय?”

“विचारायचं काही नाही,” मी सतरंजी अंथरून तिच्यावर बसत म्हणालो. “चार दिवस मुलं मी पाठवली होती, राजव्वा. अक्का नको म्हणत होत्या, मी ऐकलं नाही. तुमच्या लेकीचं दुःख मी पुन्हा पुन्हा उकरायला लावलं. चुकलो मी. मला माफ करा.”